दूरच्या सर्व्हरवरील प्रोग्राम उशिरा का उघडतो?

बडोद्यात बसून दूरच्या लिनक्स सर्व्हरवरील उर्दू-मराठी शब्दसूची उघडली की दहा सेकंद पडदा कोराच राही. आम्ही दोष जुन्या यंत्राला दिला. तो चुकीचा होता. ‘टाइम’ ही आज्ञा एकूण वेळ व प्रोसेसरचा वेळ वेगळा दाखविते. एकूण 10 सेकंद आणि प्रोसेसरचा अर्धाही नसेल, तर यंत्र काम करीत नसून वाट पाहत आहे, असे समजावे. कशाची, ते ‘एसट्रेस’ वेळेच्या नोंदींसह चालविल्यास कळते. आमचा प्रोग्राम सुरू होताच एका नावाचा पत्ता बंद पडलेल्या डीएनएस सर्व्हरला विचारी; लिनक्समध्ये अशा विचारणेची मूळ मुदत 5 सेकंद असते. तो क्रमांक काढताच शब्दसूची झटकन उघडली. (बदल नेटवर्कच्या मूळ मांडणीत करावा, ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाईल पुष्कळदा आपोआप पुन्हा लिहिली जाते.)