डोळे कोरडे पडतात? प्रवासाआधी एवढं वाचा

विमानाच्या केबिनमधली आर्द्रता बहुतेकदा २० टक्क्यांच्या खाली असते. अश्रूंचा थर भराभर सुकतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

🔹 डोक्यावरचा एसीचा झोत चेहऱ्यावरून वळवा. लेन्सऐवजी चष्मा लावा.
🔹 आर्टिफिशियल टिअर्स (कृत्रिम अश्रूंचे थेंब) हातातल्या बॅगेत ठेवा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या.
🔹 घरी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मिटलेल्या पापण्यांवर ५-१० मिनिटं ठेवा. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतलं घट्ट तेल सुटतं. तेच अश्रूंना उडू देत नाही.
🔹 स्क्रीनसमोर पापण्या कमी लवतात. अधूनमधून मुद्दाम पूर्ण मिटा.

लाली घालवणारे थेंब मनाने रोज घालू नका. डोळा दुखला किंवा अंधुक दिसलं, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.