भिंतीवरचा चौक

नाशिकहून पश्चिमेस घाट उतरून जव्हार-डहाणूकडे जाऊं लागलें, म्हणजे वारली लोकांची वस्ती लागते. तेथील गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेले त्रिकोण, वर्तुळें आणि चौकोन पाहून शहरांतला मनुष्य सहज म्हणतो, “काय सुरेख नक्षी ही!” परंतु ही केवळ नक्षी नव्हे. लग्नप्रसंगीं सवाशिणी भिंतीवर चौक काढतात. त्याच्या मध्यभागीं पालघट देवी असते, आणि या चौकावांचून लग्न लागत नाहीं. येथें चित्र हाच विधीचा एक भाग आहे.

चित्र आणि विधि यांचें हें ऐक्य एकट्या सह्याद्रींतच आढळतें असें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील न्देबेले स्त्रिया मुलांच्या दीक्षाविधीच्या सुमारास घराच्या भिंती नव्यानें रंगवीत. १९३५ सालीं जन्मलेल्या एस्थर माह्लांगू वयाच्या दहाव्या वर्षीं आई व आजी यांच्याजवळ ही कला शिकल्या. पट्टी न लावतां, कोंबडीच्या पिसानें त्या सरळ रेघ ओढीत.

वारल्यांत हें काम स्त्रियांचें; तरीहि त्यांत नांव झालें तें डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचें. लहानपणीं आई गेली आणि हें मूल बोलेनासें झालें. मनांतलें सारें तें धुळींत रेखाटून दाखवी. पुढें १९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं त्यांस कागद व रंग आणून दिले. १९८९ सालीं पॅरिस येथील एकाच मोठ्या प्रदर्शनांत म्हसे आणि माह्लांगू या दोघांचीं चित्रें मांडण्यांत आलीं.

कागदावरचें चित्र टिकतें. भिंतीवरचें पावसानें धुपतें, सारवणाखालीं जातें. तें पुनः काढावयास शिकलेला हात लागतो. म्हणूनच माह्लांगू यांनीं आपल्या अंगणांत मुलींची शाळा भरविली, आणि २०१८ सालीं निवर्तलेल्या म्हसे यांनीं सदाशिव व बाळू या मुलांना आपली कला दिली.

आज वारली आकृति शहरांतील पडद्यांवर आणि पेल्यांवरहि आल्या आहेत. त्यांत कांहीं वावगें नाहीं. मात्र तो आकार ज्या चौकांतून आला, त्याच्या मध्यभागीं एक देवी बसलेली असते, एवढें तरी तो पडदा लावणाऱ्या घरानें जाणून असावें.