सीमाभागातील महाविद्यालये आणि खेळाचे विभाग

बेळगाव आणि निपाणी या दोन गावांत खेळाची आवड असलेल्या माजी विद्यार्थ्यांची बैठक जमली की एक प्रश्न हटकून निघतो. आपल्या महाविद्यालयाने कोणत्या विद्यापीठाच्या झेंड्याखाली खेळावे? धारवाडच्या, बेळगावच्या, की कोल्हापूरच्या? पाहता पाहता या प्रश्नातून दुसरा प्रश्न उभा राहतो. आपली मुले दक्षिण विभागात खेळतात ते योग्य, की त्यांनी पश्चिम विभागात खेळणे अधिक योग्य? वाद जुना आहे, दोन्ही बाजूंनी तो आवेशाने घातला जातो, आणि पुष्कळदा त्यात सीमाप्रश्नाचा आवेशही मिसळतो. तो आवेश समजण्याजोगा आहे. तथापि मैदानावरच्या प्रश्नाला मैदानाचीही काही गणिते असतात. ती बाजूला ठेवून घातलेला वाद कितीही रंगला तरी खेळाडूच्या हाती त्यातून काही लागत नाही. प्रस्तुत लेखात ही गणितेच मांडण्याचा हेतू आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. आपल्या देशात महाविद्यालय स्वतःच्या नावाने राष्ट्रीय पातळीवर खेळत नाही. ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळते, त्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि पुढे विद्यापीठ खेळते. विद्यापीठांच्या आपसांतील स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला १९७३ पासून सध्याचे नाव मिळाले. सांघिक खेळांसाठी देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग केलेले आहेत. विभागात वरचे स्थान मिळवणारे संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तमिळनाडू आणि केरळ येथील विद्यापीठे दक्षिण विभागात येतात, तर महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश येथील विद्यापीठे पश्चिम विभागात. म्हणजे महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे एवढ्या एका गोष्टीवरून त्याच्या खेळाडूची गाठ मद्रास-कालिकतच्या संघांशी पडणार, की पुणे-बडोद्याच्या संघांशी, हे ठरून जाते.

आता आपल्या भागाचा इतिहास पाहावा. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३ साली निघाले आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ साली. त्या काळात दोन्ही मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होती. त्या छत्राचा विस्तार आज अचंबित करील असा होता. धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि कराचीतील महाविद्यालये हीसुद्धा एके काळी त्याच विद्यापीठाची! १९४९ साली पुणे विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ ही दोन्ही सुरू झाली. कर्नाटक विद्यापीठाचा जन्म मुंबईत झाला आणि अल्पावधीतच ते धारवाडास गेले. बेळगावची महाविद्यालये धारवाडकडे आली ती तेव्हा, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात जाण्याच्या कितीतरी आधी. हा क्रम आपल्याकडील वादात सर्रास विसरला जातो. विद्यापीठाची सीमा प्रथम आली, राज्याची सीमा नंतर आली. पुढे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तोवर मधल्या रेषेला राज्याच्या हद्दीचे रूप आले होते.

या रेषेचा खरा नमुना पाहायचा असेल तर निपाणीला जावे. निपाणी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात. गावाला लागूनच असलेले अर्जुननगर मात्र महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणी गावातील बागेवाडी महाविद्यालय पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होते आणि आता बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी आहे. एकाच गल्लीतली, एकाच मैदानावर कबड्डी शिकलेली दोन भावंडे बारावीनंतर या दोन महाविद्यालयांत गेली, तर एकाला पश्चिम विभाग मिळतो आणि दुसऱ्याला दक्षिण. एक ‘कलर होल्डर’ होण्याची स्वप्ने पाहतो, दुसरा ‘युनिव्हर्सिटी ब्लू’ होण्याची. शब्दही वेगळे! अमुक विद्यापीठ बरे की तमुक, असा वाद इतर गावांत कल्पनेने घालावा लागतो. निपाणीत तो प्रवेशअर्जावर सोडवला जातो.

पश्चिमेच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा अंतराचा, आणि तो खोटा नाही. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव सुमारे पंचाहत्तर आणि धारवाड जवळजवळ दीडशे. विद्यापीठाच्या संघाचे शिबिर म्हणजे पंधरा-वीस दिवसांचा मुक्काम. शेतकरी किंवा विडी कामगार कुटुंबातील मुलाला हा मुक्काम परवडतो की नाही, यावर त्याचे संघातील स्थान पुष्कळदा ठरते. दुसरा मुद्दा भाषेचा. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला कानडी शिबिरात सुरुवातीचे काही दिवस अवघड जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेळाची भाषा मुले आठवड्याभरात शिकतात, आणि सीमाभागातील मुलाला दोन भाषांची सवय लहानपणापासून असते. तिसरा मुद्दा तालमीचा. कोल्हापूरचे खासबाग मैदान, तिथल्या तालमी आणि तिथले वस्ताद यांचे आकर्षण विद्यापीठे निघण्यापूर्वीचे आहे. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे मूळचे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे. ते घडले कोल्हापुरात, आणि १९५९ साली दिल्लीत त्यांनी तो किताब मिळवला. कोणत्याही विद्यापीठाच्या संलग्नतेने त्यांची वाट ठरवली नव्हती.

मात्र याच उदाहरणातून पश्चिमवाद्यांच्या युक्तिवादातील कच्चा दुवा दिसतो. चार विभागांची पद्धत मुख्यतः सांघिक खेळांसाठी आहे. कुस्ती, मैदानी स्पर्धा यांसारख्या वैयक्तिक खेळांत विद्यापीठाचा खेळाडू सर्वसाधारणपणे थेट अखिल भारतीय स्पर्धेत उतरतो. तिथे दक्षिण काय आणि पश्चिम काय! त्याच्यासमोर खरी अडचण येते ती आधीच्या पायरीवर, म्हणजे विद्यापीठाच्या संघात जागा मिळवताना. शिवाजी विद्यापीठाच्या कुस्ती संघात एका वजनगटात जागा मिळवायची म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील तालमींना मागे टाकायचे. आधी जिल्ह्याची विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय स्पर्धा, आणि प्रत्येक फेरीत समोर कसलेला मल्ल. निपाणीचा चांगला पण असामान्य नसलेला पैलवान या वाटेने तीन वर्षांत एकदाही विद्यापीठाचा गणवेश अंगावर न चढवता पदवीधर होईल. तोच मुलगा दुसऱ्या विद्यापीठातून कदाचित दोनदा राष्ट्रीय स्पर्धा पाहून येईल. उलट असेही म्हणता येईल की रोज बलवान जोडीदाराशी लढल्यानेच पैलवान घडतो आणि सोप्या निवडीतून केवळ प्रमाणपत्र मिळते. हे दोन्ही विचार खरे आहेत. कोणता विचार आपल्याला लागू पडतो, हे मुलाच्या कुवतीवर अवलंबून आहे.

दिशेइतकाच, किंबहुना दिशेपेक्षा अधिक, विचार विद्यापीठाच्या आकाराचा व्हावयास हवा, असे माझे मत आहे. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावात स्थापन झाले आणि बेळगाव, विजापूर, बागलकोट हे जिल्हे धारवाडपासून वेगळे झाले. त्या वर्षी आपल्या भागातील खेळाडूंचा जो लाभ झाला, त्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. पूर्वी धारवाड, हुबळी, गदग, कारवार आणि बेळगाव मिळून क्रिकेटचा एक संघ निघत असे. आता त्याच प्रदेशातून दोन संघ निघू लागले, म्हणजे जागा दुप्पट झाल्या. शिबिरासाठी दीडशे किलोमीटर जाणारा निपाणीचा मुलगा निम्म्या अंतरावर आला. कोल्हापूरच्या बाजूलाही असेच घडले होते. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि शिवाजी विद्यापीठाच्या संघांत उरलेल्या तीन जिल्ह्यांना तेवढी जागा मोकळी झाली. याची किंमतही असते. लहान विद्यापीठाचा संघ विभागीय स्पर्धेत लवकर हरतो, त्याच्याकडे प्रशिक्षक कमी असतात, मैदाने अपुरी असतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची कथा नेमकी उलट आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात असले तरी त्याचे क्षेत्र संपूर्ण कर्नाटक आहे. बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील फलंदाजाला बंगळूर आणि म्हैसूरच्या मुलांतून वर यावे लागते. विद्यापीठ घराशेजारी, आणि संघ मात्र दूर!

‘विभाग’ या शब्दाला आपण भूगोलाचे फार मोठे वजन देतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. रणजी करंडकाची रचना दीर्घकाळ विभागवार होती. १९८५-८६ साली गोवा या स्पर्धेत उतरला तो दक्षिण विभागातून. विद्यापीठांच्या स्पर्धांत मात्र गोवा पश्चिमेत मोडतो. विदर्भाचे क्रिकेट मध्य विभागात गणले जाते, आणि नागपूर विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते. म्हणून नागपूरचा क्रिकेटपटू गुजराती झाला नाही आणि गोव्याचा मद्रासी झाला नाही. विभाग ही स्पर्धा भरवणाऱ्यांनी सोयीसाठी आखलेली चौकट आहे. तिच्यात आपली ओळख शोधण्याचा मोह मला कळतो, पण पटत नाही.

दूरच्या देशातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांतून खेळतात. हे गट शासनाने नेमलेले नसतात, विद्यापीठे परस्पर कराराने ते बनवतात, आणि म्हणून त्यांना ते बदलताही येतात. २०२४ साली टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठे आपला जुना गट सोडून ‘साउथईस्टर्न’ गटात गेली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठे ‘बिग टेन’ गटात गेली आणि प्रशांत महासागराकाठच्या संघांना अटलांटिककाठच्या न्यू जर्सीपर्यंत सामने खेळायला जाणे आले. या बदलांमागे मुख्यतः दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारा पैसा होता. जुने प्रतिस्पर्धी तुटले म्हणून तेथील माजी विद्यार्थ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि विमानप्रवासात अभ्यास बुडतो ही तक्रार मुलांनी केली. आपल्या वादाचे या वादाशी वरवर साम्य आहे. फरक एवढाच की तेथे निर्णय विद्यापीठाच्या हाती असतो, आणि येथे महाविद्यालयाच्या हाती तो नाही.

का नाही, हे स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘ठराव करा आणि कोल्हापूरकडे जा’ असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. शासकीय विद्यापीठ हे राज्याच्या कायद्याने निर्माण होते आणि त्याचे कार्यक्षेत्र जिल्हावार त्याच कायद्याने ठरते. संविधानाच्या २४५व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचा कायदा त्या राज्याच्या प्रदेशापुरता असतो. महाराष्ट्राच्या कायद्याने निर्माण झालेल्या विद्यापीठाला बेळगाव जिल्ह्यातील महाविद्यालय संलग्न करून घेता येत नाही. कर्नाटकातील विद्यापीठालाही अर्जुननगर घेता येणार नाही. संस्थेची इच्छा, माजी विद्यार्थ्यांच्या सह्या, संघाची कामगिरी यांपैकी कशानेही ही रेषा हलत नाही. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्रात जावी अशी शिफारस केली होती. बेळगाव कर्नाटकातच राहावे असेही तोच अहवाल म्हणत होता, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्याचा निकाल खेळाच्या मैदानावर लागणार नाही, आणि तो लागेपर्यंत खेळाडूचे वयही थांबणार नाही. विद्यापीठीय खेळाची वयोमर्यादा पंचवीस वर्षांची आहे.

म्हणून महाविद्यालयाने विभाग बदलावा की नाही, या चर्चेत आपला वेळ फुकट जातो. निवड आहे ती विद्यार्थ्यापुढे, आणि तीही बारावीच्या निकालानंतरच्या थोड्या आठवड्यांत. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येते, हे त्याने लक्षात ठेवावे. आपल्या खेळात त्या विद्यापीठाचा संघ गेल्या दोन-तीन वर्षांत किती फेऱ्या पुढे गेला, आपल्या जागेवर सध्या खेळणारा खेळाडू कोणत्या वर्षात शिकतो, आणि शिबिराच्या मुक्कामाचा खर्च विद्यापीठ किती उचलते, एवढी चौकशी क्रीडाशिक्षकांकडे करता येते. पुढे नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा मागायची असेल तर प्रमाणपत्राबरोबर अधिवासाचाही प्रश्न येतो. दोन्ही राज्यांचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने आपला दावा असलेल्या ८६५ गावांतील रहिवाशांना नोकऱ्यांत काही सवलती दिल्या आहेत, त्यांची कागदपत्रे आधीच जमवून ठेवावीत.

संस्थांना करता येण्यासारखे एक काम मात्र शिल्लक आहे. विद्यापीठांच्या अधिकृत स्पर्धांना राज्याची रेषा ओलांडता येत नसली, तरी निमंत्रितांच्या स्पर्धांना तसा अडथळा नाही. देवचंद महाविद्यालय आणि बागेवाडी महाविद्यालय यांच्यात खो-खो अथवा व्हॉलीबॉलचा वार्षिक सामना भरवायचा, त्यात बेळगाव आणि कोल्हापूरच्या दोन-चार महाविद्यालयांना बोलवायचे, तर लागणार काय? एक मैदान, दोन पंच आणि माजी विद्यार्थ्यांनी उचलायचा चहा-नाश्त्याचा खर्च. विभागीय स्पर्धा बहुधा हिवाळ्यात येतात, तेव्हा हा सामना पावसाळा सरताच घेतला तर दोन्हीकडच्या मुलांना विद्यापीठ निवडीपूर्वी एक चांगली कसोटी मिळेल.