पगार परगावी, बचत पहिल्याच दिवशी

सांगली, कोल्हापूर, निपाणी, बेळगावकडून नोकरीसाठी बंगळुरूला आलेले अनेक जण हेब्बाळ-नागवारा भागात राहतात. मीही त्यांतलीच एक. एम.कॉम. झालेली, बँकेत अधिकारी. तरीही इथल्या पहिल्या वर्षी माझी स्वतःची बचत जवळजवळ शून्य होती.

एका रात्री बाबांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला. माझ्या खात्यात चार हजार रुपये होते. एक लाख वीस हजार घरमालकाकडे डिपॉझिट म्हणून पडून होते, पण त्या रात्री त्यांचा काही उपयोग नव्हता. दवाखान्यात पैसे शेवटी मावशीने भरले. तेव्हा जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

डिपॉझिट म्हणजे बचत नव्हे

बंगळुरूत डिपॉझिटला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मागायची इथली जुनी पद्धत; आता पुष्कळ ठिकाणी कमीवर तडजोड होते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. म्हणून घासाघीस तुम्हालाच करावी लागेल. भाडे १२,००० असेल, तर दहाऐवजी सहा महिन्यांवर सौदा ठरल्यास ४८,००० रुपये तुमच्याकडे राहतात. घर सोडताना रंगकामाचे किती कापणार, हेही करारात लिहून घ्या.

आधी बचत, मग खर्च

महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हटले, तर काहीच उरत नाही. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीचा, म्हणजे आरडीचा, हप्ता आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेला द्या. महिना ३,००० रुपये भरले, तर वर्षाला ३६,००० आणि वर व्याज. एवढे जमत नसेल, तर टपाल खात्याची पाच वर्षांची आरडी महिना १०० रुपयांपासून सुरू होते.

साठलेल्या रकमेतून आधी तीन महिन्यांच्या खर्चाएवढी मुदत ठेव करा. ती अडचणीत मोडता येते. मुदतीआधी मोडल्यास व्याज थोडे कमी मिळते, एवढेच. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे.

गावच्या ओळखीने चालणाऱ्या भिशीत किंवा इथल्या ‘चीटी’त पैसे घालण्यापूर्वी ती १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली आहे का, ते विचारा. उत्तर टाळले, तर दूर राहा.

हप्त्याचे पैसे कुठून आणायचे?

आठवड्यातून तीनदा २०० रुपयांचे जेवण मागवले, तर महिन्याला २,४०० रुपये जातात. त्यातले दोन वेळचे घरी भात-आमटी करून किंवा दर्शिनीत उभ्याने खाऊन भागवा. कर्नाटकात रहिवासी असलेल्या महिलांना जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमधून शक्ती योजनेखाली मोफत प्रवास मिळतो. त्यासाठी इथल्या पत्त्याचे ओळखपत्र लागते. गणपती-दिवाळीला गावी जायचे तर ऐनवेळी खासगी बसचे चढे भाडे भरू नका. राणी चन्नम्मा एक्सप्रेस बेळगाव, मिरजेकडे जाते आणि रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तारीख आजच कॅलेंडरवर मांडा.

पुढे परदेशी गेलात तर

हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाणारे काही जण तिथून दुबईला, जर्मनीला नोकरीवर जातात. पगार वाढला, तरी सवय हीच ठेवा. मात्र अनिवासी झाल्यावर इथले साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. परदेशातली कमाई एनआरई खात्यात ठेवल्यास तिच्यावरील व्याजाला भारतात आयकर लागत नाही. नवे पीपीएफ खाते अनिवासींना उघडता येत नाही. आधीचे मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते.

यंदा बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पैसे माझ्या ठेवीतून गेले, मावशीला फोन फक्त खुशाली सांगायला केला. डिपॉझिट अजून घरमालकाकडेच आहे. तुमचा पुढचा पगार यायच्या आत बँकेत जाऊन तेवढी एक सूचना देऊन या.