पत्ता आणि पत

मुंबईत दोन अनोळखी माणसे भेटली की आडनावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : "राहायला कुठे?" उत्तर मिळाले की विचारणारा म्हणतो, "अच्छा, अच्छा." हे "अच्छा" वाटते तितके साधे नसते. पार्ले म्हटले की त्याला एक सूर लागतो, विरार म्हटले की दुसरा. उल्हासनगर म्हटले की ओठाच्या कोपऱ्यात हसू येते, आणि मुंब्रा म्हटले की क्षणभर काहीच येत नाही. उत्तर देणारा गृहस्थ अजून धड चार वाक्येही बोललेला नसतो. पण त्याच्या स्टेशनाने त्याच्याविषयी बरेच काही सांगून टाकलेले असते.

आता गावाला लौकिक असणे ही काही मुंबईची मक्तेदारी नव्हे. पुण्याच्या पेठांना तो आहे, नागपूरला आहे, कोकणातल्या एकेका वाडीलासुद्धा आहे. पण मुंबईच्या उपनगरांचे वैशिष्ट्य असे की त्यांचा लौकिक बहुधा तिथे न राहणाऱ्या माणसांनी ठरवलेला असतो. आगगाडीच्या खिडकीतून एका स्टेशनाला मिळतात पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात जे दिसले, जे नाकाला जाणवले आणि डब्यात जो माणूस चढला, त्यावरून सबंध गावाचा निकाल लागतो.

आगगाडी म्हटले की ठाण्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी तिथेच तर गेली होती. असा मान दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाला असता तर त्याने तो मिरवला असता. पण ठाण्याच्या वाट्याला आला तो वेगळाच लौकिक. कोणी जरा विचित्र बोलला की मुंबईकर म्हणायचा, "याला ठाण्याला पाठवा." पुढचे काही सांगावे लागत नसे. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णांसाठी इस्पितळ निघाले आणि तेव्हापासून त्या गावाच्या नावालाच एक शेपूट चिकटले. गंमत अशी की त्याच्या कितीतरी आधीपासून असे इस्पितळ खुद्द मुंबईत, कुलाब्याला होते. पण "याला कुलाब्याला पाठवा" ही म्हण काही मराठीत टिकली नाही. कुलाब्याला शहराचे दुसरे बरेच काही होते. ठाणे मात्र शहराबाहेरचे. नको असलेली गोष्ट नेऊन ठेवायची जागा. पुणेकर हेच येरवड्याविषयी म्हणतात, कारण तिथे इस्पितळही आहे आणि तुरुंगही. उत्तरेकडचे लोक आग्र्याचे आणि रांचीचे नाव घेतात. प्रांत बदलतो, विनोद तोच.

या विनोदाची किंमत कोण देतो? ठाणेकर हसण्यावारी नेतो, त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते ज्याच्या घरी खरोखरच आजारी माणूस आहे त्याचे. भावाला किंवा बहिणीला ठाण्याला दाखवायचे म्हटले की शेजाऱ्यांना काय सांगायचे, हाच पहिला प्रश्न. मग "हवापालटाला नेले आहे" असे सांगायचे. नाहीतर नेणेच लांबणीवर टाकायचे. उपचाराचे महिने असे निघून जातात, आणि त्यात एका म्हणीचा वाटा असतो.

ठाण्यापलीकडे डोंबिवली. इथे लौकिक घडला तो घरभाड्यातून. १९४७ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. ज्यांच्याकडे जुनी खोली होती त्यांचे भाडे गोठले, ते सुखी झाले. पण नव्याने भाड्याने देण्यासाठी चाळ बांधण्यात मालकाला राम उरला नाही, आणि असलेल्या खोलीला पागडी आली. गिरगावातल्या चाळीत धाकट्या भावाचे लग्न ठरले की त्याच्यासाठी गॅलरीत पडदा लावायचा किंवा त्याला गाडीच्या वाटेवर घर पाहायला सांगायचे, एवढेच दोन मार्ग राहिले. कल्याणपर्यंत विजेची गाडी होती, डोंबिवलीत ब्लॉक त्यातल्या त्यात परवडण्यासारखे होते. असे करीत कारकून, शिक्षक, बँकेतली आणि टपालखात्यातली मंडळी तिथे जमत गेली. त्यांनी बरोबर नेली ती आपली वाचनालये, नाटकाची हौस, व्याख्यानमाला आणि मुलांच्या मार्कांची काळजी. तिथले गणेश मंदिर तर १९२४ चे. नव्या वर्षाच्या शोभायात्रांची आज महाराष्ट्रभर जी प्रथा दिसते तीही नव्वदीच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीतूनच पसरली.

यावरून "डोंबिवलीकर" नावाचा एक प्राणी तयार झाला : सकाळी ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली जागा, हातात जेवणाचा डबा, डोक्यात बदली रजेचा हिशेब. २००५ साली "डोंबिवली फास्ट" नावाचा मराठी चित्रपट आला. त्याचा नायक बँकेतला नोकरदार, आणि त्याचा संयम सुटतो ही सगळी गोष्ट. नावातच एवढे होते की प्रेक्षकाला पात्रपरिचय करून द्यावा लागला नाही. पण या चित्रात आगरी माणूस कुठे आहे? डोंबिवलीच्या भोवतालची गावे त्याची, भातशेती त्याची, ब्लॉक उभे राहिले ती जमीनही बहुधा त्याचीच. वांद्र्याला तसाच कोळी आणि ईस्ट इंडियन, वसईकडे तसाच वाडवळ. उपनगराचा लौकिक नंतर आलेल्यांचा असतो. आधीपासून असलेल्यांना त्यात जागा मिळत नाही. मला हा या सगळ्या प्रकरणातला मोठा अन्याय वाटतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

विरारची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात लौकिक कसा तयार होतो हे यंत्र उघडून दाखवावे इतके स्पष्ट दिसते. विरारची गाडी म्हणजे धक्काबुक्की. तिच्यात बोरिवलीचा माणूस चढला तर त्याला बोरिवलीला उतरू देत नाहीत. ही माणसेच भांडकुदळ, असा समज. आता आकडे पाहा. चर्चगेटपासून बोरिवली ३४ किलोमीटर, विरार ६०. बोरिवलीला जाणाऱ्याला बोरिवलीची गाडी आहे, भाईंदरची आहे, वसईची आहे, विरारची आहे. विरारच्या माणसाला विरारचीच. बोरिवलीपलीकडे तर २००७ पर्यंत दोनच रूळ होते. त्यांवरूनच लोकल, त्यांवरूनच गुजरातकडची मेल, त्यांवरूनच मालगाडी. गाड्या वाढवायच्या म्हटल्या तरी वाढवणार कुठे? तेव्हा विरारच्या माणसाला दिसत असे ते एवढेच, की ज्याला चार गाड्या आहेत तो माझ्या एका गाडीत पाय ठेवतो आहे. ही गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत थांबायचे, घरी पोचायला तेवढाच उशीर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठायचे. त्यातून दारात टोळकी जमली, जागा अडवणे आले, दमदाटी आली. तिचे समर्थन कोणी करू नये. बाईमाणसाला आणि म्हाताऱ्याला तिचा फार त्रास झाला आहे. पण हा स्वभावाचा दोष नसून वेळापत्रकाचा आहे, हे ओळखायला फार मोठ्या समाजशास्त्राची गरज नाही. त्याच माणसाला दादरच्या बसच्या रांगेत उभे करा, तो इतरांसारखाच निमूट उभा राहील. आणि त्याच डब्यात संध्याकाळी टाळ निघतात, भजन रंगते, कोणाच्या मुलीच्या लग्नासाठी वर्गणी निघते, हे मात्र लौकिकात येत नाही.

तसे पाहिले तर उपनगरी गाडीची सुरुवातच विरारहून झाली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली गाडी निघाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. तेव्हा तिच्यात धक्काबुक्की होत असल्याचे कोणी म्हटलेले नाही!

चांगल्या लौकिकाबद्दल फार बोलायला नको. ज्याचा त्याने तो पुरेसा सांभाळलेला आहे. पार्ल्याला १९२१ ची टिळक विद्यालयाची शाळा आहे, पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे, आणि २०१६ पर्यंत स्टेशनात उतरताच बिस्किटांचा गोड वासही होता. वास हे लौकिकाचे मोठे साधन आहे बरं का! वांद्र्याला इंग्रजीत उपनगरांची राणी म्हणतात. पण याच राणीच्या दारात १९७१ पर्यंत शहराचा कत्तलखाना होता, आणि त्या काळच्या मराठी माणसाने गाडी वांद्र्याला आली की नाकाला रुमाल लावलेला आहे. कत्तलखाना देवनारला गेला, आणि राणीपद तेवढे उरले.

देवनारच्या शेजारी चेंबूर. चेंबूरला चेष्टेने "गॅस चेंबूर" म्हणतात. १९५४-५५ च्या सुमारास तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पाठोपाठ साठच्या दशकात खताचा कारखाना आला. कचऱ्याचे मैदान देवनारला १९२७ पासूनचे. हे सारे तिथेच का? कारण जहाज लागेल अशी खाडी तिथे होती हे खरे. पण शहराच्या मते ती जागा शहराबाहेर होती हेही तितकेच खरे. ठाण्याच्या इस्पितळाचाच हा न्याय. फरक एवढा की ठाण्याचा लौकिक खोटा होता, चेंबूरच्या बाजूचा निव्वळ खोटा नव्हता. जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो माणसांना माहुलच्या इमारतींत नेऊन ठेवले, तेव्हा त्यांनी श्वासाच्या आणि त्वचेच्या तक्रारी मांडल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१९ साली न्यायालयाने सांगितले की या लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरी जागा द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडे द्या. ज्या नावावर आपण कोटी करीत होतो त्या नावाच्या मागे माणसांची फुप्फुसे होती, असा त्याचा अर्थ.

उल्हासनगरची कोटी याहून प्रसिद्ध आहे. वस्तूवर "मेड इन यू. एस. ए." लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ "उल्हासनगर सिंधी असोसिएशन" असा घ्यावा, हे आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे, आणि हसलोही आहोत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आणले; ती वस्ती लाखाच्या आसपास गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हास नदीवरून नाव मिळाले. पण आजही तिथे पत्ता सांगताना "कँप नंबर" म्हणतात. या माणसांचे शेत सुटले होते, दुकान सुटले होते, बाजारातली ओळख सुटली होती. हाती होती एक खोली आणि विक्रीची पिढीजात जाण. त्यांनी त्या खोलीत जे करता येईल ते केले : पापड, लोणची, मिठाई, कपडा, लाकूडसामान; पुढे जीनच्या विजारी. आणि हो, परदेशी वस्तूंची नक्कलही केली. ती का चालली? आयातीवर बंदी होती, आणि परदेशी शिक्क्याची हौस मात्र मुंबईच्या मध्यमवर्गाला होती. वस्तू उल्हासनगरची आहे हे घेणाराही पुष्कळदा ओळखत असे. शेजारी ओळखणार नाही एवढीच त्याची अपेक्षा. पण विनोदात विकणारा तेवढा राहिला, घेणारा हळूच बाजूला झाला.

मुंब्र्याविषयी मात्र कोणी कोटी करीत नाही. जिथे विनोद संपतो तिथे लौकिकाचे खरे काम सुरू होते. मुंब्रा हे डोंगरपायथ्याचे, देवीच्या डोंगराचे लहानसे गाव. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून तिथे राहायला गेली आणि गाव झपाट्याने वाढले. म्हणजे माणसे तिथे गेली ती भीतीने. आणि नंतर बाहेरचे लोक त्याच गावाची भीती बाळगू लागले! १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला, तेव्हापासून २०२२ पर्यंत जलद लोकल त्या बोगद्यातून जात असे. डोंबिवली-कल्याणच्या माणसाने वर्षानुवर्षे रोज प्रवास केला, पण मुंब्रा त्याला दिसले नाही; दिसला तो अंधार. न पाहिलेल्या गावाविषयी काहीही ऐकले तरी खरे वाटते. तिथले रहिवासी सांगतात की पत्ता वाचून कर्जाचा अर्ज परत येतो, नोकरीच्या मुलाखतीत स्वर बदलतो, रात्री रिक्षावाला खाडीपलीकडे यायला कां-कूं करतो. अर्जावर मुलाचे मार्क असतात, बापाचा पगार असतो, पण वाचली जाते ती शेवटची ओळ. मग हुशार मुले काय करतात? पत्त्यात नुसते "जिल्हा ठाणे" लिहितात.

ही युक्ती इमारती बांधणाऱ्यांनीही उचलली आहे, अर्थात मोठ्या अक्षरांत. लोअर परळमधल्या नव्या मनोऱ्यांच्या जाहिरातीत गिरण्यांचे परळ नाहीसे होऊन "अप्पर वरळी" येते. भिवंडीच्या वाटेवर, खाडीपलीकडे, जिथे कालपरवापर्यंत गवत होते, तिथे "अप्पर ठाणे" अशी पाटी लागते. आणि ठाण्याचे नाव जोडले म्हणून चौरस फुटाला भाव जास्त मिळतो.