यंत्र नोंद करील, शिकणार कोण?

मोटारींच्या शर्यती केवळ चित्रांतून पाहण्याचे दिवस आपल्या देशात केव्हाच सरले. १९९० साली चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे शर्यतीचा मार्ग झाला. २०११ साली ग्रेटर नोएडात ५.१२५ किलोमीटर लांबीचे बुद्ध सर्किट उभे राहिले. अशा मार्गावर स्वतःची गाडी घेऊन उतरणाऱ्या हौशी चालकापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. प्रत्येक फेरीची नोंद ठेवणारे यंत्र, म्हणजेच डेटा लॉगर, कोणते घ्यावे?

हा प्रश्न वरकरणी किमतीचा वाटतो. आमच्या मते तो आधी अंकगणिताचा व मग प्रामाणिकपणाचा आहे. ताशी १८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ५० मीटर पुढे जाते. खिशातला फोन आपले स्थान सेकंदास साधारणतः एकदाच टिपतो; नेमके ब्रेक कोठे दाबले, हे मधल्या ५० मीटरांत हरवते. सेकंदास १० वेळा टिपणारे यंत्र हे अंतर ५ मीटरांवर आणते, २५ वेळा टिपणारे २ मीटरांवर. काटकसर करावयाची ती येथे नव्हे.

याउलट ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा कोन, टायरचे तापमान अशा नाना मोजमापांचा मोह नवशिक्याने आवरावा. वेगाचा एक आलेख नीट वाचता आला, तरी ब्रेक लवकर लागला काय आणि वळणाच्या मध्यावर वेग किती उरला, हे त्यातूनच उमगते. जोडीला चित्रफीत असली की गाडी कोणत्या रेषेने गेली तेही दिसते. शिकविणारा वापरतो त्याच बनावटीचे यंत्र घेतले, तर दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवून ताडता येतात. हा लाभ लहान नव्हे.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. फेरी चालू असताना वेळेतील नफातोटा दाखविणारा पडदा अनेक यंत्रांत असतो. त्यावर सेकंदभर नजर खिळली, तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. तेथे चूक झाली तर किंमत पैशांत मोजता येत नाही. आलेख वाचावेत ते गाडी थांबल्यावर, शांत चित्ताने.

आपण शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला, असे प्रत्येक चालकास वाटते. आलेख बहुधा वेगळेच सांगतो. यंत्र खुशामत करीत नाही, हाच त्याचा खरा गुण. ज्याला आपली चूक पाहवत नाही, त्याने ते विकत न घेतलेलेच बरे!