चिपमधली गल्ली आणि रस्ता

लग्नघरातला आचारी कितीही चपळ असो, पंगत कुठे मांडली आहे यावरच जेवण गरम की गार हे ठरते. भटारखाना अशोक स्तंभापाशी आणि पंगत सोमेश्वरला असेल, तर गंगापूर रोडची गर्दी ओलांडून येईपर्यंत मठ्ठा तेवढा बरा लागेल! संगणकाची चिप आखणाऱ्या इंजिनिअरांना हाच धडा १९९०च्या दशकात गिरवावा लागला.

चिपचे काम दोन टप्प्यांत चाले. चिपने काय करायचे हे लिहून दिले, की सॉफ्टवेअर त्यासाठी लागणारी गेट्स निवडून त्यांची जोडणी ठरवी. याला म्हणतात सिंथेसिस. मग कोणते गेट कुठे बसवायचे आणि तारा कुठून न्यायच्या, तो लेआउट. गंमत अशी, की पहिल्याला दुसऱ्याचा नकाशा ठाऊकच नसे! तारांची लांबी तो सरासरीने धरून चाले.

गेट्स मंद होती तोवर हे खपले. पण ट्रान्झिस्टर लहान होत गेले तशी गेट्स वेगवान झाली. तारा मात्र बारीक होऊन त्यांचा विरोध वाढला. त्यात तार दुप्पट लांब झाली, की उशीर जवळजवळ चौपट. पाव मायक्रॉनच्या आसपास लांब तारांवरचा उशीर गेट्सच्या उशिराला मागे टाकू लागला. लेआउट झाल्यावर कळे, की संकेत वेळेत पोचत नाही. पुन्हा सिंथेसिस, पुन्हा लेआउट, आणि आता दुसरीकडेच उशीर. या फेऱ्यांत आठवडे जात.

उपाय ऐकायला साधा आहे: सिंथेसिसलाच नकाशा दाखवा. गेट्स आधी ढोबळ जागी बसवायची आणि अंतरे पाहून निवड करायची. लांब तारेसाठी ताकदवान गेट. वाटेत संकेताला नव्याने जोर देणारी बफर गेट्स, म्हणजे वाढप्यांनी हातोहात पुढे दिलेली बादली. दोन टोकांना माल लागत असेल, तर एकाच गेटच्या दोन प्रती. २०००च्या सुमारास अशी साधने बाजारात आली.

या विषयावरचा २००८ सालचा जाडजूड संदर्भग्रंथ संपादित करणाऱ्या तिघांत सचिन सापतनेकर आहेत. मुंबई आयआयटीत शिकलेले, मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक. व्यापारी साधनांची किंमत मात्र साध्या कॉलेजच्या आवाक्याबाहेरची. म्हणून २०१८ साली अमेरिकेत सुरू झालेला 'ओपनरोड' प्रकल्प मला मोठा वाटतो. त्याचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि गेट्सच्या जागा पाहून ते बफर घालते, गेट्सची ताकद बदलते.

आमच्या गंगापूर रोडच्या घरी माझा इंजिनिअरिंगचा पुतण्या तेच वापरतो. परवा एक मार्ग काही केल्या वेळेत बसेना. नकाशा उघडला, तर सतत एकमेकांशी बोलणारे दोन भाग चिपच्या दोन टोकांना आणि मधे मेमरीचा ठोकळा आडवा. त्याने ठोकळा कडेला सरकवला आणि सगळे पुन्हा चालवले. वहिनींनी ठेवलेला चहा दोनदा गार झाला; रात्री अकराला वेळ जुळली, तेव्हा त्याने तो तसाच पिऊन टाकला.